हर्रासवाल्याची वाचा

“पलंग लाल झाला, शिस्टर. अहो शिस्टर, गेला हा माणूस,” असं शेजारच्या खाटेवरचे रिटायर पटवारी इतक्या जोरात ओरडत होते, की कालच घातलेले त्यांचे हर्नियाचे टाके तुटून माझ्या अंगावर उडतात की काय असं मला वाटलं. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका लकव्याच्या म्हातारीला कुशीवर वळवत होते. अशा माणसाला अर्धवट वळवून सोडता येत नाही, ते गडगडून खाली येतं. तिच्या पाठीशी उशी लावली आणि धावले. आमचा वॉर्ड जेमतेम बारा खाटांचा, पण त्या दुपारी तो आदिलाबादपासून बेल्यापर्यंत लांब झाला होता.

खाटेवर दौलत. त्याचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत रक्तानं माखलेला. चादर लाल, चादरीवरून फरशीवर थेंब. आणि त्याची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, ती पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला चिकटून उभी.

रक्त बघून मी कधी घाबरत नाही. माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. पण हे रक्त बघून माझे पाय गार पडले, आणि ते का, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तेवढा वेळ दौलत तसाच राहू द्या. मी त्याची नाडी धरून ठेवली आहे.

दौलत बेल्याकडच्या एका खेड्यातला, पण पोट आदिलाबादच्या कापूस बाजारावर. तिथं तो हर्रास पुकारायचा. म्हणजे कापसाच्या गाडीवर चढून, मूठभर कापूस हवेत धरून, व्यापाऱ्यांच्या बोल्या मोजत भाव वर चढवायचा. मराठी शेतकऱ्याशी मराठीत, तेलुगू शेतकऱ्याशी तेलुगूत आणि व्यापाऱ्यांशी हिंदीत, एकाच दमात. त्याचा आवाज असा, की इकडे त्यानं ‘एक बार’ म्हटलं की पैनगंगेपलीकडचे बैल कान टवकारत. हे मी ऐकीव सांगत नाही, कान टवकारलेले बैल मी बघितले आहेत. ते दौलतमुळेच टवकारले होते का, हे बैलांना विचारायचं राहिलं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. आदल्या संध्याकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि त्याला आमच्या खाजगी दवाखान्यात आणलं. आमचे डॉक्टर तेलुगू गृहस्थ, मराठी रोग्यांकडून शिकलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत दुखणी सोडून दुसरे शब्द कमी. त्यांनी दौलतला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. तेव्हा आमच्या गावात ते नवीन होतं, आणि आमच्याकडे ते फक्त छातीच्या झटक्याला देत. हृदयाच्या नळीत रक्ताचा बोळा अडकलेला असतो, तो हे औषध विरघळवतं. पण औषधाला डोळे नसतात. वाईट गुठळी कोणती आणि जखमेवरची चांगली खपली कोणती, त्याला कळत नाही. ते दोन्ही विरघळवतं. म्हणून त्या माणसाला नंतर दिवसभर जपावं लागतं, जसं पिकलेलं केळं बसमधून न्यावं तसं. दंडात सुई नाही. दाढी नाही. दातून नाही. मालिश तर नाहीच नाही. कुठं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाव घेत नाही.

दौलतची छाती रात्रीतून शांत झाली. सकाळी मी त्याचं तोंड पुसायला गेले तर ओठ एका बाजूला ओघळलेला. उजवा हात उचलला, सोडला, ओल्या पिळ्यासारखा पडला. “दौलतभाऊ, नाव सांगा,” म्हटलं, तर डोळे मोठे झाले आणि तोंडातून नुसती हवा.

डॉक्टर आले, बराच वेळ बघितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, हृदयातून गुठळी सुटून डोक्यात गेली असेल. नाहीतर औषधानं डोक्यात रक्त सुटलं असेल. दोन्हीत माणूस सारखाच दिसतो.” डोक्यात बघायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. नागपूरला होतं. पण आदल्या संध्याकाळी हृदय फाटता फाटता वाचलेला माणूस जीपमध्ये घालून त्या रस्त्यानं न्यायचा, म्हणजे त्याला वाटेतच पोचवायचं. म्हणून डॉक्टरांनी ठरवलं: इथंच ठेवायचा, डोळ्यांत तेल घालून बघायचं. पण अंगावर कुठंही रक्त सुटलेलं दिसलं, तर आतही सुटलंय असं धरायचं. मग थांबण्यात अर्थ नाही, कारण आमच्याकडे चढवायला रक्त नव्हतं. मग जीप, आणि पुढं नशीब.

म्हणजे बघा, थोडक्यात काय, रक्त दिसलं की दौलत संपला. आता कळलं ना, पाय का गार पडले?

हे सगळं मी सकाळीच आक्काला समजावलं होतं. आक्का म्हणजे हाडापेरानं माझ्या दीडपट. बालविधवा. आई गेली तेव्हा दौलत पाळण्यात होता, हिनंच वाढवला. सकाळी तिनं तेलाची बाटली काढली तशी मी बाटलीवर झडप घातली.

“हात थंडा पडून राह्यला त्याचा,” आक्का म्हणाली. “काऊन चोळू देत नाई तू?”

“आत रक्त फुटेल, आक्का.”

“मंग सुई मार.”

“सुईही नाही.”

“तेल नाई, सुई नाई, पानी बी पाजू देत नाई. मंग दवाखान्यात कशाले आनलं? घरी बी मेलाच असता, फुकटात.”

“पाणी घशातून फुफ्फुसात जाईल. त्याला गिळता येत नाही अजून.”

“तुले कोनी सांगतलं गियता येत नाई? मी त्याले दूध पाजलं हाये बोटानं. तू आता आली.”

मी तिला एवढंच म्हटलं, की मी पैनगंगेच्या काठावर वाढलेली बाई आहे, मगरीच्या तोंडातून कपडे ओढून आणलेत, तुमच्या हातून तेलाची बाटली ओढायला मला वेळ लागणार नाही. मगर सोडा, पैनगंगेत मी मोठा मासासुद्धा धड बघितलेला नाही. पण आक्कानं बाटली सोडली. मला वाटलं, ऐकलं.

आता परत त्या लाल पलंगाकडे या.

डॉक्टर धावत आले, रक्त बघितलं, आणि बाहेर ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, “जीप काढ, तोंदरगा,” म्हणजे लौकर. खिडकीखाली जीप खाकरायला लागली. ती जुनी जीप सुरू व्हायला नेहमी चार माणसं ढकलायला लागायची, त्या दिवशी मात्र पहिल्या किल्लीला सुरू झाली. वाईट कामाला यंत्रं कशी तत्पर असतात बघा. पटवारी मोठ्यानं रामनाम घ्यायला लागले. मी त्यांना म्हटलं, “पटवारीसाहेब, मनातल्या मनात घ्या, रोग्याला कान आहेत.”

कारण दौलत माझ्याकडे बघत होता. टक्क. मी टॉर्च मारला, दोन्ही बाहुल्या सारख्या. नाडी चांगली. सकाळपेक्षा तो झोपाळलेला नव्हता, उलट जास्त जागा. एवढं रक्त गेलेला माणूस असा बघत नाही. काहीतरी जमत नव्हतं, पण काय ते कळत नव्हतं, आणि खाली जीप गुरगुरत होती.

डॉक्टरांनी चादरीवर बोट टेकवलं, मीही टेकवलं. बोट चिकटलं. चादरीच्या घडीत रक्त साखळून काळपट गोळा झालेलं, जेलीसारखं.

“गोठलं,” मी म्हटलं.

“गोठलं,” डॉक्टर म्हणाले.

आधी कोण म्हणालं यावर आमचा वाद आहे. डॉक्टर म्हणतात ते, मी म्हणते मी. दोघंही म्हातारे झालो, पटवारी वारले, त्यामुळे साक्षीदार नाही, म्हणून सध्या मीच जिंकलेली आहे.

पण अर्थ दोघांना एकाच क्षणी लागला. दौलतचं रक्त आज गोठणं शक्यच नव्हतं. तेच तर त्या औषधाचं काम. जे रक्त चादरीवर साखळलं होतं, ते दौलतचं नव्हतं.

“मग कोणाचं?” डॉक्टरांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत होते, मी आक्काकडे बघितलं, आणि आक्का खाटेखालच्या पिशवीकडे बघत होती. पिशवी हलली. आतून घुमल्यासारखा आवाज आला.

आमच्याकडे लकवा मारलेल्या अंगाला कबुतराचं ताजं, गरम रक्त चोळतात. कबुतर उष्ण, लकवा थंड, असा हिशेब. माझ्या मामालाही चोळलं होतं. मामा बरे झाले, कबुतर झालं नाही. आक्कानं भाचीकडून भाकरीच्या पिशवीतून दोन कबुतरं मागवली होती. एक मागच्या मोरीत कापलं, वाटीत रक्त धरलं, आणि मी म्हातारीला वळवत होते तेवढ्यात दौलतच्या हाताला चोळलं. दुसरं, एकानं भागलं नाही तर म्हणून.

डॉक्टर हसले. पहिल्यांदाच मी त्यांना वॉर्डात हसताना बघितलं. त्यांनी खिडकीतून जीप बंद करायला सांगितलं. मी मात्र हसले नाही, कारण माझ्या डोक्यात एकच आलं होतं. आक्कानं चोळलंय. ज्या हाताला बोट लावायचं नाही, तो हात त्या बाईनं जात्याच्या खुंट्यासारखा रगडलाय. वरचं रक्त कबुतराचं असेल. खालचं?

कोमट पाण्यात बोळे बुडवून मी खांद्यापासून पुसायला घेतलं. खांदा कोरा. दंड कोरा, नुसता लाल झालेला. कोपरापाशी आले. तिथं आदल्या संध्याकाळी लावलेली सलाइनची सुई होती. सुई निसटली होती, आणि बोळ्यानं पुसलं की पुन्हा लाल, पुसलं की पुन्हा लाल. पातळ, पाण्यासारखं, चमकणारं रक्त. हे साखळत नव्हतं. हे दौलतचं होतं.

कबुतराच्या रक्ताखाली ते दडलं होतं. हसून सगळे पांगलो असतो, चादर बदलायला तासाभरानं आलो असतो, तर पलंग पुन्हा लाल दिसला असता, आणि आम्ही म्हटलं असतं, कबुतराचं असेल.

मी अंगठा दाबला. अशा वेळी दुसरा इलाज नसतो. दाबायचं आणि उचलून बघायचा मोह आवरायचा. नवशिक्या पोरी दर घडीला अंगठा उचलून बघतात, आणि जी काय थोडी साय धरलेली असते ती फाडतात. डॉक्टर म्हणाले, थांबलं तर इथंच, नाही थांबलं तर जीप. आणि दौलतच्या उशाशी उभे राहिले.

चहा उकळून, पिऊन, कप विसळून ठेवावेत एवढा वेळ झाला. अंगठा बधिर झाला. मी म्हटलं, “आक्का, इकडे या. तुमचा अंगठा द्या.”

ती हलेना. “मी नाई. मी हात लावला म्हनून तर.”

“म्हणूनच. तुमच्या हातात जोर आहे. इथं धरा, माझ्या अंगठ्यावर. मी खालून काढते. चोळायचं नाही. नुसतं दाबायचं.”

तिनं धरला. मी माझा काढला. थेंब आला नाही. आक्काचा अंगठा खुंटी ठोकावी तसा.

“मरन का तो?” तिनं विचारलं.

“अंगठा हलवू नका.”

“सकायपासून मले आक्का नाई म्हटलं त्यानं. एकदाव नाई.”

“आधी जगू द्या, मग म्हणेल.”

“तू म्हनवशीन त्याच्याकून?”

माणूस अडचणीत असला की मी वाटेल ते कबूल करते, हा माझा धंद्यातला गुण आहे. मी म्हटलं, “म्हणवीन.”

ऊन खिडकीतून खाटेवर आलं, खाटेवरून खाली उतरलं. आलटून पालटून आमचे अंगठे. शेवटी डॉक्टरांनी मान हलवली, मी अंगठा इतक्या हळू उचलला की मला स्वतःलाच कळलं नाही कधी उचलला. कोरडं. आम्ही तिघं त्या कोपराकडे बघत राहिलो. कोरडंच.

दुसरं कबुतर पटवाऱ्यांनी मागून घेतलं आणि खिडकीतून सोडलं. ते पुढं महिनाभर आमच्या दवाखान्याच्या पत्र्यावर बसून माझ्या नावानं घुमत होतं.

दौलत वाचला. डोक्यात गुठळीच गेली असणार, रक्त नाही. पण जीव वाचवणं हे अर्धंच काम, आणि नर्सच्या वाट्याला येतं ते उरलेलं अर्धं. लकव्याच्या माणसाला दर दोन तासांनी वळवा, नाहीतर पाठ सडते. लुळा हात उशीवर ठेवा, नाहीतर खांदा उतरतो. पहिला घोट चमच्यानं, बसवून, हनुवटी खाली घेऊन. आणि प्रत्येकाचा लकवा वेगळा. निर्मल गावचा एक लाकडी खेळणी रंगवणारा आमच्याकडे होता, त्याला डावी बाजू जगात आहे हेच कळेना. लाकडी पोपट दिला तर उजवा पंख हिरवागार, डावा कोरा, आणि वर म्हणायचा, झाला. जेवतानाही ताटातला डावीकडचा भात तसाच.

दौलतला सगळं कळत होतं. फक्त शब्द निघत नव्हता. पाय आधी आला, मग हात थोडा. तोंड नाही. एके दिवशी मी त्याला उभं केलं, तो लडखडला आणि त्याच्या तोंडून खणखणीत निघालं, “एक बार, दो बार.” अख्खा वॉर्ड उठून बसला. मी विचारलं, “दौलतभाऊ, चहा घेणार?” “दो बार.” “दुखतंय कुठं?” “एक बार, दो बार.” वर्षानुवर्षं घोटलेलं गाणं आपोआप बाहेर येत होतं. मनातला नवा शब्द मात्र आतच अडकलेला.

आणि तो बाहेर यायला अडचण होती आक्काची. दौलतनं तांब्याकडे बघितलं की आक्का पाणी देई. भुवई हलली की चादर. नाक ओढलं की रुमाल. त्याला तोंड उघडायची गरजच पडत नव्हती. मी तिला म्हटलं, “आक्का, तुमची माया त्याची जीभ खाऊन राहिली. यापुढं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. बोट दाखवलं तरी नाही. शब्द आला की द्यायचं. अर्धा आला तरी चालेल.”

“तहानेला ठेवू त्याले?”

“तहानेला नाही राहणार. ठरल्या वेळेला मी पाजीन. मधे लागलं तर तुमच्याकडे मागू दे.”

कबुतरापासून ती माझ्या शब्दाबाहेर नव्हती. तांब्या मांडीवर घेऊन ती त्याच्यासमोर बसली. दौलतनं तांब्याकडे बघितलं. ती बसून राहिली. त्यानं बोट दाखवलं. ती बसून राहिली. तो तिच्याकडे असं बघायला लागला, जसं घरात शिरलेल्या परक्या बाईकडे बघावं. डाव्या हातानं त्यानं तांब्या उडवला, पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. ती उठली, तांब्या भरून आणला, पुन्हा समोर बसली. त्याच्या डोळ्यांतून पाणी, तिच्याही. पटवारी घरी गेले होते म्हणून बरं, नाहीतर त्यांनीच पाजलं असतं.

चौथ्या का पाचव्या दिवशी दौलतनं ओठ दाबले, मान ताणली, आणि म्हणाला, “पा.”

आक्काच्या हातून निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं.

मग पा चं पानी झालं, च चा चहा झाला. मी आले की तो हसायचा, कारण मी न मागता पाजायची. आक्का पुढं बसली की तोंड फिरवायचा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मास्तर कोणाला आवडतो? त्यांना घरी सोडताना मी आक्काला बजावलं, घरीही हेच. मागितल्याशिवाय भाकरीसुद्धा नाही. ती म्हणाली, “हाव.”

पुढल्या कापसाच्या हंगामात मी मुद्दाम बाजारात गेले. दौलत काठी टेकत उभा होता. गाडीवर चढत नव्हता, पण खाली उभा राहून बोली पुकारत होता. आवाज पूर्वीच्या निम्मा, म्हणजे इतरांच्या दुप्पट. मला बघून तो लंगडत आला आणि बोलायला लागला. कापसाचं बोलला, व्यापाऱ्यांच्या लबाडीचं बोलला, सूनबाईचं, गुडघ्याचं. शब्द कधी अडखळे, कधी भलताच येई, पण धबधबा थांबेना. मला ‘शिस्टर, शिस्टर’ म्हणून त्यानं दहा माणसांना दाखवलं. माझी छाती अशी फुगली की ब्लाउजची बटणं शेजारच्या गंजीत सापडली असती.

आक्का लिंबाखाली त्याच्या भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तेवढ्यात दौलत आला, फडक्याकडे बोट दाखवलं. तिनं फडकं सोडून भाकरी दिली. तो घेऊन गेला.

मी तोऱ्यातच म्हटलं, “काय आक्का, म्हणवलं की नाही? आता दिवसभर आक्का आक्का करून डोकं खात असेल.”

आक्कानं फडक्याची घडी घातली.

“माह्याशी नाई बोलत तो,” ती म्हणाली. “बोट दाखवते. मी देते.”